किती ठेले लावायचे ते पाण्याला विचारा

प्रश्न विचारणारे दादा पुण्याहून दोन वर्षांपूर्वी इंदूरला आलेत. सुदामा नगरच्या बाजूला त्यांच्या मावशीचा कोपऱ्यावरचा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट मोकळा पडलाय. तिथे आठ-दहा खाण्याचे ठेले लावून मोहल्ल्यापुरती एक लहानशी चौपाटी करावी, संध्याकाळी आजूबाजूच्या लोकांनी यावं, खावं, बसून चार गप्पा माराव्यात, असं त्यांच्या मनात आहे. कुठले पदार्थ ठेवू, भाडं किती लावू आणि परवानग्या कुठल्या लागतील, हे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

दादा, तिन्हींची उत्तरं देते. पण तुमची खरी अडचण या तिन्हींत नाही. इंदुरात खाणाऱ्यांची वानवा नाही, ठेलेवाल्यांची तर नाहीच. तुम्ही नुसतं 'जागा आहे' म्हटलंत तर चार दिवसांत वीस जण दारात येतील. दिवाळीच्या सुमाराला सुरू केलीत तर पहिले दोन महिने गर्दीही होईल. अडचण सुरू होते तिसऱ्या महिन्यात. नाली तुंबते, समोरच्या बंगल्याच्या फाटकात स्कूटर उभ्या राहतात, कुणीतरी नगर निगमाच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, झोन कार्यालयात तक्रार करतं आणि गाशा गुंडाळावा लागतो. तेव्हा विचारायला हवं ते असं: ही जागा शेजाऱ्यांना पाच वर्षं सहन होईल का? त्यातही पहिला विचार पाण्याचा, म्हणजे उष्ट्या, तेलकट, बेसनाच्या पाण्याचा.

मी कोण, तेही सांगते. १९९८ पासून मी या धंद्यात आहे. सासऱ्यांचा राजवाड्याजवळ साबुदाणा खिचडीचा ठेला होता, तिथे हाताखाली शिकले. पुढे स्वतःचा ठेला लावला. गेली नऊ वर्षं शहराच्या पश्चिम भागातल्या एका खाजगी प्लॉटवर अकरा ठेल्यांची व्यवस्था बघते. प्लॉट माझा नाही. मी भाडं गोळा करते, भांडणं मिटवते आणि नाली साफ झाली की नाही ते बघते. नवऱ्याच्या मते यातलं तिसरंच माझं खरं काम.

पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट ऐका. ठेले सात होते. उष्टं पाणी जायला प्लॉटच्या कडेने चार इंची पाइप टाकला होता, तो पुढे चेंबरला जोडला होता. आम्हाला वाटलं झालं काम. मे महिन्यात एका शनिवारी रात्री साडेआठला, ऐन गर्दीत, चेंबरच्या झाकणाखालून पाणी वर यायला लागलं. पांढरट, बुळबुळीत, आंबूस वासाचं. रस्त्याच्या उताराने ते थेट समोरच्या घरात शिरलं. त्या घरातल्या आजी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. चपला उचलून हातात घेतल्या आणि आत गेल्या. त्या हातातल्या चपला मला अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी पाइप उघडला तर आत मनगटाएवढा गोळा. भज्यांचं बेसन, डोशाचं पीठ, माझ्याच खिचडीच्या साबुदाण्याचा स्टार्च आणि या सगळ्याला धरून ठेवणारं थिजलेलं तेल. तेल गरम असतं तोवर पाण्याबरोबर वाहतं. पाइपात थंड झालं की भिंतीला चिकटतं, त्यावर पीठ बसतं, पिठावर पुन्हा तेल. रोज पातळसाच थर बसत असला तरी बघता बघता पाइप अर्धा होतो.

पुढच्या रविवारी मी एक उद्योग केला. १५ लिटरच्या बालद्या ठेवल्या आणि प्रत्येक ठेल्याच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघा ओढायला लावल्या. एक बालदी उष्टं पाणी ओतलं की एक रेघ. पुढे अकरा ठेले झाल्यावर असंच पुन्हा मोजलं. चाटवाल्याच्या १६ रेघा, पावभाजीच्या १४, डोशाच्या ११, पाणीपुरीच्या ९, चहाच्या ६ आणि उरलेल्या सहा ठेल्यांच्या मिळून १५. एकूण ७१ बालद्या, म्हणजे हजार लिटरच्या वर पाणी. त्यातलं निम्म्याहून जास्त साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत. तुमच्या प्लॉटमधून या दोन तासांत किती उष्टं पाणी न तुंबता बाहेर पडू शकतं, तेवढेच तुमचे ठेले. आठ की दहा, ते आधी ठरवू नका.

यावरचा उपाय महाग नाही. पाइपाच्या तोंडाशी विटांचा दोन कप्प्यांचा हौद बांधा. आमचा ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट खोल आहे, म्हणजे साधारण ४०० लिटरचा. पाणी पहिल्या कप्प्यात येऊन थांबतं. जड पीठ तळाशी बसतं, तेल वर तरंगतं. दुसऱ्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाला खाली वळवलेलं कोपर, म्हणजे वाकडा जोड, लावायचं, त्याचं तोंड पाण्यात बुडलेलं राहिलं पाहिजे. मग बाहेर जातं ते मधलं पाणी. वरचं तेल आणि खालचा गाळ आत राहतो. या हौदात पाणी थोडा वेळ तरी थांबायला हवं, नाहीतर तेल वर यायला अवधी मिळत नाही. म्हणून लहान हौद बांधून पैसे वाचवू नका. दर सोमवारी सकाळी वरची साय झाऱ्याने काढायची, पंधरा दिवसांतून एकदा गाळ उपसायचा. हे काम कुणाला आवडत नाही, म्हणून पाळ्या लावल्यात. पाळी चुकवली तर दंड नाही, पुढचे दोन सोमवार त्याचेच.

आणि हौदानंतरचा पाइप मैल्याच्या लाइनलाच जोडा, पावसाळी नालीत सोडू नका. कान्ह आणि सरस्वती या नद्यांत घाण पाणी जाऊ नये म्हणून शहरात बरंच काम झालंय. २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणारं शहर, म्हणून मान मिळाला तो त्यामुळेच. निगमाची माणसं या बाबतीत डोळ्यात तेल घालून असतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

स्वच्छ पाण्याचंही बघा. इथे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. दोन दिवस पुरेल एवढ्या टाक्या नसतील तर टँकर मागवावा लागेल, आणि टँकर गल्लीत शिरला की पुन्हा शेजारी.

आता पदार्थांकडे वळते, कारण तुमचा खरा उत्साह तिथेच दिसतोय.

तुमच्या यादीत पावभाजी, डोसा, चाट, मोमो, चायनीज, पिझ्झा होता. यातले पाच पदार्थ स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या थाळीत जातात आणि थाळी धुवावी लागते. म्हणजे पुन्हा पाणी. आम्ही चाटला आणि निम्म्या पावभाजीला पळसाचे द्रोण-पत्रावळी लावल्या तेव्हा ७१ बालद्यांवरून बरेच खाली आलो. द्रोण ओल्या कचऱ्यात जातो, धुण्याचा प्रश्नच नाही. आतून चकचकीत थर असलेले कागदी बशा-कप मात्र घेऊ नका. ते ना धड ओल्यात जातात ना सुक्यात. प्लास्टिकचे चमचे, ग्लास, स्ट्रॉ, प्लेटा तर १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत. वर्तमानपत्रात भजी बांधून देणंही बंद, छपाईची शाई तेलात उतरते.

पदार्थ निवडताना मोसम बघा, तो इंदूरचा स्वभाव आहे. सराफ्यात, म्हणजे इथल्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलात तर लक्षात येईल की तिथले काही पदार्थ बारा महिने नसतात. थंडीत गराडू येतो. हा कंद एकदा तळायचा, गार करायचा, गिऱ्हाईक आलं की तुकडे पुन्हा तळायचे आणि वर लिंबू आणि चटपटीत मसाला. भुट्टे का कीस पावसाळ्यात खरा. कणीस किसून तुपात परतायचं, दूध घालून आटवायचं. उन्हाळ्यात शिकंजी. तुम्ही पुण्याचे, म्हणून सांगते, इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. ती दुधाची, दाट, केशर आणि सुकामेवा घातलेली असते. पहिला घोट घेतल्यावर माझ्या नागपूरच्या नणंदेने 'यात लिंबू कुठंय' म्हणून विचारलं होतं. तर एक जागा मोसमी पदार्थासाठी राखून ठेवा. दर चार महिन्यांनी तिथला माणूस बदलेल. रोज येणाऱ्यालाही वाटेल की काहीतरी नवं आलं.

खिचडीही इथली वेगळी. आपल्याकडे म्हणजे पुण्याकडे साबुदाणा तुपात परततात. इथे भिजवलेला साबुदाणा वाफेवर शिजवून मऊ मोकळा ठेवतात. समोर गिऱ्हाईक आलं की द्रोणात घेऊन त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मसाला, फराळी मिक्स्चर घालून हाताने उलटापालटा करतात. आधी कालवून ठेवली तर दहा मिनिटांत मिक्स्चर मऊ पडतं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण ठेल्यावरच्या पदार्थाचा जीव या शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतो. लोक तेवढ्यासाठी उभे राहतात. जो पदार्थ आत कुठेतरी तयार होऊन डब्यातून येतो, त्याचा ठेला लावून उपयोग नाही. तो घरी मागवून खाल्ला काय आणि इथे काय. तुमच्या यादीतला पिझ्झा मी याच कारणाने काढून टाकीन.

सकाळ विसरू नका. तुम्ही नुसती संध्याकाळ धरलीय. सराफ्याकडून एवढं तरी घ्यायला हवं. तिथे दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती मिटली की त्याच ओट्यांपुढे रात्री उशिरापर्यंत खाणं. एक जागा, दोन पाळ्या. तुमच्याकडे सकाळी साडेसहा ते दहा एक पोहे-जिलबीवाला आणि एक चहावाला बसवा. इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेले असतात, म्हणून दोन तासांनीही मऊ आणि गरम लागतात. वर शेव, कांदा आणि जीरावण हा इथला मसाला. फिरायला निघालेली मंडळी पुडा बांधून नेतात किंवा तिथेच उभ्याने खातात. सकाळच्या या दोन ठेल्यांमुळे तुमच्या प्लॉटची शेजाऱ्यांशी ओळख होते. जो गृहस्थ सकाळी तुमच्याकडून पोहे नेतो, तो रात्री सहसा तक्रार करत नाही. आमच्या समोरच्या आजींना मी त्या मे महिन्यानंतर महिनाभर रोज सकाळी पोहे पाठवले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि पोह्यांत बडीशेप कमी पडते म्हणून निरोपही.

बसण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सराफ्यात बसायला जवळजवळ काही नाही, माणूस चालत चालत खातो. छप्पन दुकान या खाण्याच्या बाजारात गाड्या बंद करून पायी चालायचा रस्ता केला, बाकं ठेवली, तिथे लोक रेंगाळतात. दोन्ही ठिकाणांना एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हटलंय, तेव्हा स्वच्छतेच्या हिशेबाने दोन्ही रीती चालतात. मोहल्ल्यातल्या जागेला मात्र दोन्हींपैकी कुठलीच जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे येणारा माणूस दीड किलोमीटरच्या आतला, रोजचा. त्याला खुर्ची-टेबल दिलंत तर तो एका चहावर दीड तास बसेल आणि पावभाजीवाला कपाळावर हात मारेल. काहीच दिलं नाहीत तर म्हातारी माणसं येणार नाहीत, आणि ती आली नाहीत तर तुमची जागा रात्री नुसत्या पोरांचा अड्डा होईल. आम्ही कंपाउंडच्या आतल्या बाजूने दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद ओटा बांधला, वाड्याच्या दाराशी असायचा तसा. पाठ टेकायला भिंत, पुढ्यात टेबल नाही. यावर माणूस पाऊण तास आरामात बसतो. आजी-आजोबा साडेपाचला येतात, सातपर्यंत निघतात. मग लेकरांना घेऊन आया. आठनंतर कॉलेजची पोरं. एकाच ओट्यावर तीन पिढ्या तीन वेळांना. यासाठी मला काही करावं लागलं नाही, फक्त दिवे पिवळे लावले आणि त्यांची तोंडं खाली केली. आधी पांढरा फ्लडलाइट होता, तो मागच्या घराच्या झोपायच्या खोलीत जायचा.

गाणी लावू नका. एका ठेल्याने लावली की दुसरा आवाज वाढवतो.

गाड्यांची सोय तुमच्या ४० फुटी तोंडावरच करावी लागेल. समोरची दहा फुटांची पट्टी दुचाक्यांना सोडा. म्हणजे ठेल्यांना २००० चौरस फूट उरले. त्यात ओटा, हौद, टाक्या, मधून चालायला निदान आठ फुटांची वाट. कागदावर आखून बघा, सात ठेल्यांच्या पुढे मला तरी जमवता आलं नसतं. चारचाकीवाल्यांना सरळ सांगा की सोय नाही. तुम्हाला गावभरचे लोक बोलवायचे नाहीतच ना?

गॅसच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ठेल्यावर १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर, घरचं १४.२ किलोचं नाही. घरच्याची सबसिडी-बिबसिडी सोडा, पकडलं गेलं की सगळ्या जागेवर बोट येतं. सिलिंडर उभंच, ठेल्याखाली कोंडलेलं नाही, हवा खेळेल असं. नळी आयएसआय मार्कची, तिला चीर दिसली की त्याच दिवशी बदलायची. तळणाचे दोन ठेले शेजारी शेजारी लावू नका, मध्ये चहा किंवा खिचडी ठेवा. वाळूच्या दोन बालद्या आणि पावडरचं अग्निशामक, आणि ते वापरता येणारी दोन माणसं तरी रोज हजर. नुसतं टांगून ठेवलेलं लाल नळकांडं काय कामाचं? आम्ही वर्षातून एकदा मोकळ्या जागेत प्रत्येकाच्या हातात देऊन चालवायला लावतो. पहिल्यांदा निम्म्या जणांना पिनच निघाली नव्हती.

तेलाचा नियमही आहे. तळताना तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही, हे १ जुलै २०१८ पासून लागू झालंय. ते मोजायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी नसेल तरी जुन्या हातांना कळतं. तेल काळसर होतं, फेस येऊन तो बसत नाही, कमी आंचेवरच धूर सुटतो, कढईतून निघालेली भजी बोटांना चिकट लागते. चूक सगळे एकच करतात, कालच्या तेलात आजचं ताजं तेल ओतून 'वाढवतात'. खराब तेलाने चांगलं तेलही लवकर बिघडतं. आमच्याकडे रात्री उरलेलं तेल एका पिंपात जमा होतं आणि बायोडिझेलसाठी नेणाऱ्या अधिकृत माणसाला विकलं जातं. तो पैसा सोमवारच्या हौदसफाईला लागतो, त्यामुळे कुणी कुरकुरत नाही.

कचऱ्याचं इंदुरात वेगळं सांगायला नको, पण तुम्ही नवे आहात. इथे २०१७ पासून सलग वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला तो घरोघरी वेगळा केलेला कचरा गाडीत जातो म्हणून. तुमच्या जागेचा ओला कचरा रोज निदान दोन मोठे ड्रम निघेल. ओला कचरा शुद्ध असेल तर देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. तुमच्या ड्रममध्ये सॉसच्या पुड्या मिसळल्या तर गाडीवाला तुमचाच ड्रम तुमच्यापुढे उलटा करेल. माझ्यापुढे केलाय.

परवानग्यांबद्दल तुमचा समज असा दिसतो की जागा खाजगी, म्हणजे प्रश्न मिटला. तसं नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याच्या व्याख्येत खाजगी जागेत तात्पुरत्या बांधकामातून विकणाराही येतो. तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्या ठेलेवाल्याकडे विक्रीचं प्रमाणपत्र आहे का, निगमाच्या सर्वेक्षणात नाव आहे का, हे विचारा. रस्त्यावरून तुमच्याकडे आलेल्या माणसाची जुनी जागा गेली असेल तर त्याला नोटीस मिळाली होती का तेही विचारा. कायद्याप्रमाणे हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ते उगाच हक्क सोडून येतात. त्याची जुनी जागा चांगली चालत असेल तर त्याला तिथेच राहू द्या, तुमच्याकडे ओढू नका. सहा महिन्यांत तुमचं बंद पडलं तर तो दोन्हीकडून गेला.

तुमचा स्वतःचा प्रश्न वेगळा, तो म्हणजे घराच्या प्लॉटवर धंदा. भूवापर काय नोंदलाय, त्यावर काय चालेल, हे झोन कार्यालयात जाऊन लेखी घ्या. इथे मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही, कॉलनी कुठल्या योजनेतली, रस्ता किती रुंद, यावर सगळं आहे. पार्षदाने, म्हणजे नगरसेवकाने, तोंडी 'हो जाएगा' म्हटलं तर त्यांना चहा पाजा, पण कागद झोनकडूनच घ्या. खाद्य नोंदणी प्रत्येक ठेल्याची त्याच्या त्याच्या नावाने लागते, सगळ्यांची मिळून तुमच्या नावाने चालत नाही. वीजही घरच्या मीटरवरून ओढू नका, व्यावसायिक जोडणी घ्या.

नवे ठेलेवाले भांडवल मागतील, तुम्ही देऊ नका. सरकारची पीएम स्वनिधी ही कर्जाची योजना त्यासाठीच आहे. २०२० मध्ये १० हजारांपासून सुरू झाली होती. २०२५ च्या फेरबदलानंतर पहिलं कर्ज १५ हजार, वेळेत फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. तारण लागत नाही. ज्याने तुमच्याकडून उधार घेतलंय त्याला तुम्ही 'आज हौद साफ कर' म्हणू शकत नाही, तो तोंड लपवतो. हा अनुभव दोनदा घेतलाय.

आणि भाडं. विक्रीतला हिस्सा मागू नका. ज्या दिवशी हिस्सा मागितलात त्या दिवसापासून प्रत्येक जण गल्ल्याबद्दल खोटं बोलायला लागेल, आणि तुम्ही रोज संध्याकाळी द्रोण मोजत बसाल. महिन्याचं ठोक भाडंही नको, पावसाळ्यात पंधरा दिवस धंदा बसला की ते थकतं. आम्ही दिवसाची ठरलेली रक्कम घेतो, संध्याकाळी सातला, रोखीने किंवा क्यूआरवर. सातनंतर जोराचा पाऊस आला तर दुसऱ्या दिवशीचं निम्मं माफ. रक्कम किती, हा तुमच्या भागावर अवलंबून असलेला हिशेब आहे. माझी कसोटी एवढीच की दिवसाचं भाडं पहिल्या दीड तासाच्या गल्ल्यातून निघालं पाहिजे. आठ वाजले तरी माणूस भाड्यासाठीच झारा हलवत असेल तर तो महिन्याभरात पदार्थात हात आखडता घेणार. शेव कमी, लिंबाऐवजी लिंबूसत, तेल चौथ्या दिवशीही तेच.

पगडी, डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम घेऊ नका. एका पानावर नियम लिहा, हिंदीतच लिहा म्हणजे सगळ्यांना वाचता येतील: बंद करायची वेळ साडेदहा, हौदाच्या पाळ्या, गॅसचे नियम, भाडं, आणि कुणी सलग दहा दिवस आलं नाही तर जागा दुसऱ्याला. यापेक्षा जास्त लिहिलंत तर कुणी वाचत नाही.

थोडक्यात धरून बसायचं तर एवढं: सात ठेले, त्यातले दोन सकाळचे आणि एक मोसमी. द्रोण जास्त, थाळ्या कमी. ४०० लिटरचा हौद आधी, ठेले नंतर. झोनचा लेखी कागद हातात आल्याशिवाय कुणालाही शब्द देऊ नका.

तुम्ही अजून एक विचारलं होतं, उद्घाटनाला कुणाला बोलवावं. कुणालाच नको. पण येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता एक काम करा. मावशींच्या शेजारच्यांकडून नळाची पाइप घ्या, प्लॉटच्या मधोमध टाका आणि तासभर पाणी सोडा. टँकर मागवायची गरज नाही. चेंबर कुठे आहे तेही पाहून ठेवा. मग रस्त्यावर उभे राहून बघा पाणी कुठे जातं. ते चेंबरकडे वळलं तर उत्तम. समोरच्या कुणाच्या फाटकाकडे गेलं, तर सोमवारी पहिलं त्यांच्या घरी जा, दोन पुडे पोहे घेऊन. पाणी कुठे गेलं ते मला लिहा, मग हौद कुठल्या कोपऱ्यात बांधायचा ते सांगते.